एका भगोन्यातला हिवाळा

परवा सकाळी तुकोगंजला, क्लिनिकला जायला निघाले आणि सुदामा नगरच्या कोपऱ्यावर स्कूटर वळवताना यंदाची थंडी पहिल्यांदा नाकात शिरली. दिवाळी होऊन गेली तरी घरोघरी पंखे चालू होते. आता कसली पडते थंडी, असं जो तो म्हणत होता. आणि मग ती आलीच, न सांगता, माहेरवाशिणीसारखी.

थंडीला स्वतःचा असा वास नसतो म्हणतात. नसेलही. पण इंदूरच्या थंडीला तरी आहे. पेटवलेल्या पालापाचोळ्याचा, ट्रंकेतून निघालेल्या स्वेटरचा, गराडूच्या कंदाचे काप तळणाऱ्या तेलाचा, हरभऱ्याच्या ओल्या जुड्यांचा. उन्हाळ्यात वास पळत असतात. हिवाळ्यात ते जागच्या जागी बसून राहतात, उन्हाला बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे, आणि आपण जवळून गेलो की हाक मारतात. मला तरी मारतात. ही सवय मला एका हिवाळ्याने लावली.

त्या हिवाळ्यात सुमेध घरी परत आला होता. सुमेध माझा धाकटा भाऊ. बेंगलोरला बिअर बनवायचा. म्हणजे कारखान्यात नाही. जिथे लोक संध्याकाळी बसून पितात, त्याच जागेच्या मागच्या बाजूला काचेआड मोठ्या चकचकीत टाक्या असतात, तिथे. त्या टाक्यांचा तो मालक नव्हता, पण त्यांच्याविषयी बोलताना गवळी आपल्या म्हशींविषयी बोलतो तसा बोलायचा. मग एकदा त्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना त्याचं नाक घेऊन गेला. वासच येईना. कॉफीचा नाही, साबणाचा नाही, स्वतःच्या घामाचा नाही. आधी वाटलं आठवड्यात येईल, मग वाटलं महिन्यात. बिअर बनवणाऱ्याचं नाक गेलं की मागे काय उरतं? तिथल्या लोकांनी वाट पाहिली, बऱ्यापैकी पाहिली, आणि मग चांगल्या शब्दांत निरोप दिला. तो दोन बॅगा घेऊन आला. एकीत कपडे, दुसरीत बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या सुक्या फुलांची आणि यीस्टची पाकिटं. जणू एखादा गवई गळा बसल्यावर नुसता तंबोरा घेऊन घरी यावा.

घरात आई, पप्पा आणि मी. पप्पा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. रोज सकाळी अंघोळ करून पांढरा शर्ट घालून बुद्धवंदना म्हणायची, आणि पंचशील नुसतं म्हणायचं नाही, पाळायचं. त्यातलं पाचवं शील, मादक पदार्थ वर्ज्य करण्याचं, त्यांनी असं पाळलं की खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा चष्मा लावून वाचायचे. त्याला कारण होतं. आमचे आजोबा महूला पलटणीत होते, आणि त्यांच्याविषयी आम्हा भावंडांना एकच गोष्ट माहीत होती: ते प्यायचे. पप्पांनी दुसरं कधी काही सांगितलं नाही. घरात त्यांचा फोटोही नाही.

अशा माणसाचा मुलगा बिअर बनवणारा निघाला. पप्पा भांडले नाहीत. त्यांनी फक्त बोलणं कमी केलं. नातेवाईक विचारायचे, सुमेध काय करतो? पप्पा म्हणायचे, "हॉटेल लाइनमध्ये आहे." सुमेधने हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. एकाच टेबलावर बसून पप्पा मला म्हणायचे, "त्याला विचार, पोळी हवी का." आणि सुमेध मला सांगायचा, "सांग, नको."

आल्यावर पंधरा-वीस दिवस तो गच्चीवर नुसता बसून असायचा. मग एक दिवस मला म्हणाला, "ताई, मल्हारगंजला चल ना. जव घ्यायचेत."

"कशाला?"

"बिअर करतो. नाक नाही तर नाही. हात तर आहेत यार."

मल्हारगंजच्या त्या अरुंद गल्ल्यांमधून आम्ही जवाची थैली आणि मलमलचं कापड घेऊन आलो. सुमेधने जव भिजवले, आणि गच्चीवर जुन्या चादरीवर पसरले. आईने पाहिलं आणि ती लगेच खाली बसली. मोड आणणं तिला काय शिकवायचं? "तुम्हा दोघांना नाचणीचं सत्त्व असंच करून भरवलंय मी," ती म्हणाली, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणं, दाणे वरखाली करणं तिने आपल्याकडे घेतलं. मोड आलेल्या धान्याला पुढे वाळवून, भाजून, भरडून जे होतं त्याला माल्ट म्हणतात, हे तिला सुमेधने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नाव काही ठेवा. सत्त्वच आहे."

पप्पा रोज दुपारी उन्हाला गच्चीवर यायचे. चादरीकडे पाठ करून खुर्ची ठेवायचे. आणि अशाच एका दुपारी, डोळे मिटलेले असताना, ते सहज म्हणाले, "काकडी चिरली का कुणी?"

सुमेध गच्चीच्या दुसऱ्या टोकाला होता. तो गर्रकन वळला. "काय म्हणालात? काकडी?"

पप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काकडीचा वास येतोय. ताज्या."

"पप्पा, तो या जवाचा आहे. मोड बरोबर येत असले की असाच येतो." तो चादरीपाशी येऊन बसला. "मतलब, बरोबर चाललंय."

बस, एवढंच. पण मधे मी नव्हते. मी कपडे वाळत घालत होते, आणि हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले.

खरा प्रश्न भांड्याचा होता. तिकडे बेंगलोरला तीन टाक्या असायच्या. एकीत माल्ट गरम पाण्यात मुरायचं, दुसरीत ते पाणी हॉप्स घालून उकळायचं, तिसरीत यीस्ट टाकून आंबायचं. घरात एवढं मोठं भांडं एकच: आईचा स्टीलचा भगोना, ज्यात दर बुद्धजयंतीला सगळ्या गल्लीची खीर व्हायची. सुमेध म्हणाला, एकच पुरे. कापडाच्या पिशवीत माल्ट घालून भिजवायचं, पिशवी उचलून काढायची, त्याच भांड्यात उकळायचं, त्याच भांड्यात निववायचं, आणि झाकण घालून त्याच भांड्यात आंबू द्यायचं.

पप्पा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "खिरीच्या भगोन्यात दारू गाळायची?"

"गाळायची नाही पप्पा, आंबवायची. भट्टी-वट्टी काही नाही. इडलीचं पीठ आंबतं तसं."

"इडली खाऊन माणूस गटारात पडत नाही."

आई उठली, स्टुलावर चढली, माळ्यावरून भगोना काढला आणि सुमेधच्या पुढ्यात ठेवला. "धुतलं की भांडं भांडंच असतं," ती म्हणाली. "पण वैशाखात मी यात खीर करणार. आरशासारखा घासून द्यायचा. आणि हे घराबाहेर जाणार नाही. एक थेंब नाही."

तो रविवार मला एखाद्या धुक्यातल्या चित्रासारखा आठवतो. स्वयंपाकघराची खिडकी वाफेने पांढरी झालेली. पाणी तापलेलं, पण उकळू द्यायचं नाही; बोट घातलं तर चटकन काढावं लागेल इतपत. त्यात भरडलेल्या माल्टची फुगलेली पिशवी. झाकण घालून सुमेधने भगोन्याला दोन रजया गुंडाळल्या, सर्दी झालेल्या पोराला गुंडाळतात तशा, आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती बसून राहिलो. वाट पाहण्यातही एक ऊब असते. आत काय चाललंय ते दिसत नाही, पण रजईवर हात ठेवला की जाणवतं, काहीतरी गोड होत चाललंय.

झाकण काढलं तेव्हा वाफेचा एक मोठा लोट उठला आणि घरभर पसरला. सुमेधने सवयीने त्यात तोंड घातलं, खोल श्वास घेतला, आणि तसाच थांबला. काहीच आलं नसणार. त्याने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात दारात पप्पा दिसले. ते पाणी प्यायला आले होते बहुतेक, कारण हातात रिकामा ग्लास होता. ते आत आले, ग्लास ओट्यावर ठेवला, आणि भगोन्यावर वाकले. किती वेळ वाकून होते कोण जाणे.

"खेचरं," ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"थंडीत खेचरांना जव उकडून घालायचे पलटणीत," पप्पा सांगू लागले, आमच्याकडे न बघता. "माझा बाप त्या कामावर होता. मोठी कढई असायची. मला घेऊन जायचा पहाटे, स्वतःच्या कोटात गुंडाळून. मी म्हणायचो, मला दे. तो म्हणायचा, आधी त्यांचं, मग आपलं. सगळ्या खेचरांचं झालं की मूठभर गरम जव माझ्या हातावर ठेवायचा. फुंकर मारून." त्यांनी पुन्हा एकदा श्वास आत घेतला. "तेव्हा त्याच्या अंगाला दारूचा वास नव्हता. हा होता."

आईने हळूच भाजीखालचा गॅस बारीक केला. चाळीस वर्षांच्या संसारात तिनेही हे ऐकलं नव्हतं.

सुमेधने वाटी घेतली, भगोन्यातलं ते पिवळसर गोड पाणी तिच्यात काढलं आणि पप्पांसमोर धरली. "हे अजून काही नाहीये पप्पा. यीस्ट टाकलेलं नाही. यात नशा नाही. जवाचा काढा समजा."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते म्हणून असेल. मी मान हलवली. मग त्यांनी वाटीवर फुंकर मारली आणि ती दोन्ही हातांनी धरून प्यायले, सगळी.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. आज आठवताना त्यांचा क्रम लागत नाही, नुसते वास येतात. भगोना पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, पाटावर. इंदूरच्या उन्हाळ्यात हे जमलंच नसतं, घर भट्टीसारखं तापतं. पण थंडीत तो कोपरा यीस्टला मानवला. आत फेस यायचा, झाकणावरचं कापड किंचित फुगायचं. संध्याकाळची वंदना झाली की पप्पा कोपऱ्यापाशी जायचे, सुमेध कापडाचं टोक उचलायचा, आणि पप्पा वाकून वास घ्यायचे. "वास घेतल्याने शील मोडत नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, कुणी विचारलं नसताना.

पहिला भगोना बिघडला. "लोणच्याची बरणी," पप्पा म्हणाले, आणि सुमेधचा चेहरा पडला. कुठेतरी स्वच्छता कमी पडली होती, सगळं आंबट झालं होतं. ते मागच्या पेरूच्या बुंध्याशी ओतलं. पप्पा मागच्या दाराशी उभे होते. "पुन्हा लाव," ते म्हणाले. दारूविषयी त्यांच्या तोंडून असं वाक्य आलं, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. आमच्या आलं.

दुसऱ्याला उकडलेल्या भुट्ट्याचा वास होता. पप्पांना तो आवडलाच होता, पण सुमेध म्हणाला, "नाही पप्पा, हा दोष आहे. उकळताना झाकण ठेवलं मी. वाफेबरोबर तो जायला हवा होता." पप्पांना पटेना. भुट्ट्याचा वास दोष कसा? दोघांचा वाद झाला. खराखुरा, मोठ्या आवाजातला, थेट एकमेकांशी. आई भाजी निवडता निवडता हसत होती.

तिसरा भगोना लागला तेव्हा मावठा आला. दोन दिवस भुरभुर पाऊस, आणि घरात कोंदलेला यीस्टचा वास. पप्पा एकेक सांगत जायचे. आज केळं. आज ओला पाव. आज सफरचंदाची साल, कच्च्या. सुमेध डोळे मिटून ऐकायचा. मी विचारलं, काय करतोस डोळे मिटून? म्हणाला, "पप्पा केळं म्हणतात ना, तर मी केळं आठवतो. आठवायचा रियाज तुटला तर वास परत आला तरी ओळखणार कसा?" कुणीतरी डोळे गेलेल्या माणसाला रस्ता वाचून दाखवावा तसे पप्पा त्याला हवा वाचून दाखवत होते.

त्याच दिवसांत महूहून पप्पांच्या चुलत भावाचा फोन आला. मी शेजारीच होते. तिकडून नेहमीचा प्रश्न आला असणार. पप्पा म्हणाले, "बिअर बनवतो. हो, बिअर. इथेच, घरी आहे सध्या. नाही, मी पीत नाही. मी वास घेतो." फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "सुटलात बरं. इतकी वर्षं पाचवं पाळायला चौथं मोडत होतात." चौथं शील खोटं न बोलण्याचं. पप्पा म्हणाले, "खोटं नव्हतो बोलत. अर्धं बोलत होतो." पण त्यांचे कान लाल झाले होते.

तिसरी बिअर चांगली झाली. सरबताच्या बाटल्यांत भरून ठेवली, आणि संक्रांतीनंतरच्या एका रविवारी दुपारी आम्ही गच्चीवर बसलो. आकाशात पतंग, खाली कुणाच्या तरी घरी रेडिओ. रंग गुळाच्या पाण्यासारखा. पप्पांनी ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाले, "पावाची भाकरी." असला शब्द नाही, पण ती तशीच होती. मी प्यायले, मला आवडली. आईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू. कारलं बरं." पण ग्लास खाली ठेवला नाही. सुमेधला कडूपणा तेवढा कळला, आणि गार लागली. "कशी आहे?" असं त्याने विचारलं ते आम्हाला नाही, पप्पांना. पप्पांनी पुन्हा वास घेतला. ग्लास उन्हात धरून पाहिला. "यात कुणाचं वाईट नाही," ते म्हणाले. त्या घरात बिअरची याहून मोठी तारीफ होऊ शकत नव्हती.

नाक परत आलं, पण सरळ नाही. एका सकाळी सुमेध स्वयंपाकघरातून ओरडला, "ताई! चहाला जळक्या रबराचा वास येतोय!" आम्ही धावलो. चहा चांगला होता. तो पुन्हा पुन्हा कप नाकाशी नेत होता, मळमळत होतं तरी नेत होता, आणि हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टर म्हणाले, वाट चुकलेले वास आधी असेच येतात. काही घरी पोहोचतील, काही नाही पोहोचणार. तसंच झालं. साबण आला, धूर आला, आई आली. बारीक वास मात्र आले नाहीत. बिअर चाखून दोष सांगण्याइतकं नाक परत आलं नाही.

पण त्याला आता त्याचं भय उरलं नव्हतं. उन्हाळा लागायच्या आत तो राजस्थानात गेला, जवाला मोड आणण्याच्या कारखान्यात. तिथे दाणा हातात घेऊन चुरायचा, दाताखाली फोडायचा, मोड किती लांब आला ते पाहायचं. नाकापेक्षा बोटांचं काम. जाण्याआधी त्याने भगोना घासला. वैशाखात आईने त्यात खीर केली, आणि गल्लीने नेहमीसारखी संपवली.

मी कधी कधी विचार करते, माणसांनाही असंच कुठेतरी झाकण घालून, रजईत गुंडाळून ठेवावं लागत असेल का? घाईत काही होत नाही. भिजणं, उकळणं, निवणं, आंबणं. आपण समजतो प्रत्येकासाठी वेगळी जागा हवी, वेगळं घर, वेगळं शहर. आणि मग कळतं, जागा तीच असते. फक्त मधे कुणी झाकण उघडून हात घालायची घाई केली नाही, म्हणजे झालं.

यंदाच्या थंडीबरोबर सुमेधचं एक पार्सल आलं. कारखान्यात कुणीतरी जव धुरावर वाळवून पाहिले होते, त्यातले मूठभर. सोबत चिठ्ठी नव्हती. काल दुपारी त्याने फोन केला. पप्पा गच्चीवर खुर्चीत, एका हातात फोन, दुसऱ्या तळहातावर ते काळपट दाणे. त्यांनी वास घेतला. मान वळवली, पुन्हा घेतला. मी शेजारी बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी उमटलं, लहान मुलाच्या चेहऱ्यावर अनोळखी फळ दिल्यावर येतं तसं.

"सुमेध," ते म्हणाले, "हा वास मला माहीत नाही रे. हा मी कधीच घेतलेला नाही."

फोनवरच्या वाऱ्याच्या घरघरीतून सुमेधचा आवाज आला. "थांबा मग. मी सांगतो, तो कसा केलाय ते."

पप्पांनी मूठ मिटली, फोन कानाशी घट्ट धरला, आणि ऐकू लागले.